स्क्रॅबलच्या डावातल्या चुका कशा तपासायच्या? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी क्लबात आणि स्पर्धांमध्ये इंग्रजी स्क्रॅबल खेळते. हातात सात अक्षरांच्या टाइल्स, त्यांतून बोर्डावर शब्द लावायचा आणि लावल्या तेवढ्या टाइल्स बॅगेतून उचलायच्या, असा हा खेळ. प्रत्येक स्पर्धेनंतर माझी चुकांची वही कुणी मागितली तर दाखवते. त्यामुळे नवे खेळाडू पुन्हा पुन्हा तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळी उत्तरं कॉलिन्स शब्दसूची धरून आहेत, कारण आपल्याकडच्या स्पर्धा तिच्यावरच होतात. इंग्रजी अक्षरं त्यांच्या नावांनी लिहिली आहेत : ए, ई, आय, क्यू अशी. एखाद्या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलेलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आम्ही घरी लहानपणापासून स्क्रॅबल खेळतो. स्पर्धेत वेगळं काय असतं?

बोर्ड तोच, १५ बाय १५ घरांचा. टाइल्सही त्याच १००, त्यात २ ब्लँक, म्हणजे कुठलंही अक्षर मानता येणाऱ्या कोऱ्या टाइल्स. पण स्पर्धेत समोरासमोर दोघंच बसतात, प्रत्येकाच्या घड्याळात २५ मिनिटं असतात आणि वेळ संपल्यावर दर मिनिटाला १० गुण कापले जातात. क्रमांक आधी जिंकलेल्या डावांवर ठरतो, मग स्प्रेडवर, म्हणजे सगळ्या डावांतल्या गुणांच्या फरकाच्या बेरजेवर. त्यामुळे ४० गुणांनी हरणं आणि ९० गुणांनी हरणं यांत फरक पडतो.

घरी आपण ‘मोठा शब्द सापडतोय का’ एवढंच बघतो. स्पर्धेत दर वेळी पाच-सहा शब्द समोर असतात आणि त्यांतला एक निवडायचा असतो. पुढचं सगळं या निवडीबद्दल आहे.

२. चूक नक्की कशाला म्हणायचं? हरलो म्हणजे कुठेतरी चुकलोच ना?

नाही. हाच प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खेळी करताना तुम्हाला जे दिसत होतं आणि जे मोजता येत होतं, त्यावरून दुसरी खेळी चांगली ठरत असेल, तर ती चूक. नंतर बॅगेतून काय निघालं याचा तिच्याशी संबंध नाही. हे कळायला मला एका हरलेल्या डावाची मदत झाली.

मी २५ गुणांनी पुढे होते. बॅगेत दोन टाइल्स. प्रतिस्पर्ध्याच्या सात धरून मला न दिसलेल्या एकूण नऊ, आणि त्यांत क्यू होता. बोर्डावर क्यू लावायला एकही जागा उरली नव्हती, बिंगोलाही (म्हणजे सातही टाइल्स एकदम लावायला) नव्हती. माझ्यापुढे दोन खेळ्या होत्या. एकीत दोन टाइल्स लावून १४ गुण मिळत होते, दुसरीत एकच टाइल लावून ८. मी १४ घेतले, दोन टाइल्स उचलल्या आणि त्यांत क्यू निघाला. शेवटी हातात राहिलेल्या टाइल्सच्या दुप्पट गुण समोरच्याला मिळतात. म्हणजे नुसत्या क्यूचे २०. डाव ३ गुणांनी गेला.

घरी येताना ‘नशीबच फुटकं’ असं म्हणत होते. दुसऱ्या दिवशी कागदावर मांडलं तेव्हा चित्र वेगळं दिसलं. दोन टाइल्स उचलल्या तर क्यू येण्याची शक्यता ९ पैकी २, एक उचलली तर ९ पैकी १. मला हरवू शकणारी गोष्ट त्या डावात एकच उरली होती, क्यू. २५ ची आघाडी असताना जादाचे ६ गुण काही कामाचे नव्हते आणि त्यांच्यासाठी मी धोका दुप्पट केला. ती चूक होती. क्यू आला नसता आणि मी जिंकले असते, तरीही ती तेवढीच चूक राहिली असती. फक्त मला ती कधी दिसली नसती.

म्हणून माझ्या वहीत ‘निकाल’ असा रकानाच नाही.

३. मग जिंकलेले डावही तपासायचे का?

हो, आणि आधी तेच तपासा. हरलेला डाव डोक्यात राहतो, त्याची उजळणी आपोआप होते. जिंकलेल्या डावातल्या चुका मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

मोठा आकडाही भुलवतो. २००६ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या क्लबात मायकेल क्रेस्टा यांनी ८३० गुण केले आणि ‘क्विक्झॉट्री’ या एका शब्दाला ३६५ मिळाले. तो डाव ८३०-४९० असा सुटला. दोघांचे मिळून १,३२० गुण होतात तेव्हा बोर्ड किती मोकळा असेल, याचा अंदाज येतो. तो डाव बघण्यासारखा आहे, यात शंका नाही. पण आघाडीवर असताना असा मोकळा बोर्ड आपण राखावा का, हा प्रश्न आकडा बघून सुटत नाही.

४. डाव चालू असताना काय काय लिहायचं? लिहायची परवानगी असते का?

स्वतःच्या कागदावर लिहायला परवानगी असते. टाइल्स मोजायचा, म्हणजे लागलेली अक्षरं खोडत जायचा, छापील कागदही चालतो. खेळीच्या ओळीत मी चार गोष्टी लिहिते : रॅकवरची (हातातल्या टाइल्स ठेवायच्या पट्टीवरची) सातही अक्षरं, केलेली खेळी आणि तिची जागा, दोघांचे एकूण गुण आणि घड्याळात उरलेली मिनिटं. जागा लिहायची पद्धत सोपी आहे. आडव्या ओळींना १ ते १५ आणि उभ्यांना ए ते ओ. शब्द आडवा असेल तर आकडा आधी, उभा असेल तर अक्षर आधी.

शिवाय दोन खेळ्यांत मन अडकलं असेल, तर न निवडलेली खेळीही कोपऱ्यात लिहून ठेवते आणि तिच्यापुढे एकच शब्द : ‘एस वाचवला’, ‘जागा बंद’, ‘घाई’. ही सगळ्यांत मोलाची नोंद आहे. संध्याकाळपर्यंत आपण स्वतःच्या निर्णयाचं एक शहाणं कारण रचून ठेवतो आणि त्यावर आपलाच विश्वास बसतो. टेबलावर लिहिलेला शब्द मात्र नंतर बदलता येत नाही.

५. कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं?

क्वॅकल. ते मोफत आहे. २००६ मध्ये टोरंटोत त्याने माजी विश्वविजेते डेव्हिड बॉइज यांना ३-२ असं हरवलं होतं, म्हणजे आपल्यासारख्यांना ते पुरून उरतं. बोर्ड आणि रॅक भरलं की ते शक्य त्या खेळ्या मांडतं. मग ‘सिम्युलेशन’ लावलं, तर प्रत्येक खेळीनंतर समोरच्याला न दिसलेल्या टाइल्समधून कुठलीही सात अक्षरं देऊन पुढच्या काही खेळ्या हजारो वेळा खेळून बघतं आणि सरासरी फरक व जिंकण्याची शक्यता असे दोन आकडे दाखवतं. ऑनलाइन खेळायचं असेल तर वूगल्स या संकेतस्थळावर झालेला डाव जसाच्या तसा परत बघता येतो, नोंदीचा त्रास वाचतो.

पण सॉफ्टवेअर उघडण्याआधी अर्धा तास नुसता कागद घेऊन बसा. प्रत्येक रॅकपुढे आता सुचणारी खेळी लिहा आणि मगच यंत्राला विचारा. पहिल्याच मिनिटाला उत्तर बघितलं तर ‘हे मला सुचलं असतं’ असं वाटून जातं आणि वही कोरी राहते.

६. क्वॅकलने माझ्या खेळीपेक्षा दुसरी दीड गुणाने सरस दाखवली. ही चूक धरायची का?

मी धरत नाही. दीड-दोन गुणांचा फरक सिम्युलेशन परत लावलं की इकडचा तिकडे होतो. पाच गुणांच्या वर फरक असेल तर थांबा आणि कारण शोधा. त्यातही सुरुवातीला सरासरी गुणांकडे बघा आणि शेवटच्या वीस-पंचवीस टाइल्स उरल्या की जिंकण्याच्या शक्यतेकडे. वरच्या २ मधल्या डावात गुणांच्या हिशेबाने माझी खेळी फारशी वाईट दिसत नव्हती. जिंकण्याच्या हिशेबात ती उघडी पडली.

७. शब्द पाठ होता, तरी रॅकवर दिसलाच नाही. याला काय करायचं?

वहीत दोन वेगळ्या खुणा ठेवा. ‘माहीतच नव्हता’ आणि ‘माहीत होता, दिसला नाही’. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिल्या प्रकाराला पाठांतर हाच उपाय. कॉलिन्सच्या २०१९ च्या आवृत्तीत २,७९,४९६ शब्द आहेत. सगळे कुणी करा म्हणत नाही. दोन अक्षरी १२७ मात्र झोपेतही आठवले पाहिजेत, त्यानंतर तीन अक्षरी, मग क्यू, झेड, एक्स, जे यांचे छोटे शब्द.

दुसऱ्या प्रकारात शब्द डोक्यात असतो, पण अक्षरं ज्या क्रमाने लागली त्या क्रमातून नजर सुटत नाही. टाइल्स हलवत राहा. इंग-एर-एस्ट असे शेपटाचे तुकडे उजवीकडे काढून ठेवा. सरावात अक्षरं वर्णक्रमाने लावून शब्द ओळखायची सवय करा. माझ्या वहीत या दुसऱ्या खुणा पहिलीच्या दुपटीहून जास्त निघाल्या, तेव्हा मी नवीन याद्या पाठ करणं तीन महिने थांबवलं आणि फक्त जुळवाजुळव केली. फरक पडला.

आणखी एक गंमतीचा नाही, पण आपल्याला नडणारा प्रकार : स्वयंपाकघरातला शब्द इंग्रजी यादीत असेल असं मनातच येत नाही. तुपासाठी ‘घी’ हा जी-एच-ई-ई असाही चालतो आणि जी-एच-आय असाही. साडी एस-ए-आर-आय अशी चालते आणि शेवटी दोन ई लावूनही चालते. लाख, क्रोर, धोती, रोटी, रायता हे सगळे सूचीत आहेत. उलट आपल्या बोलण्यातला म्हणून असेलच, असं धरून लावलेला शब्द चॅलेंजमध्ये, म्हणजे समोरच्याने हरकत घेऊन सूचीत तपासायला लावलं की, परत येतो. स्पेलिंगसकट यादी करून ठेवा.

८. ‘रॅकवर काय उरतं ते बघा’ असं सगळे सांगतात. गुण सोडून देऊन उरलेल्याचं काय करायचं?

उरलेल्या अक्षरांना आम्ही ‘लीव्ह’ म्हणतो. २२ गुणांची खेळी करून हातात यू, यू, व्ही राहतात आणि १६ गुणांची करून ई, आर, एस. पुढच्या खेळीत पहिल्या हाताला दहा-बारा गुण करतानाही धाप लागते. दुसऱ्या हाताला चार बरी अक्षरं आली की सातही टाइल्स लावून ५० चा बोनस दिसू लागतो. ते ६ गुण लगेच वसूल होतात.

पण नवे खेळाडू हे ऐकून दुसऱ्या टोकाला जातात. चांगली अक्षरं जपायची म्हणून ४० गुणांची खेळी सोडतात आणि बिंगोची वाट बघत बसतात. फरक १५-२० गुणांचा झाला की गुण घ्या. एस आणि ब्लँकसाठीचा हिशेब ९ मध्ये आहे.

९. एस केव्हा वापरायचा आणि ब्लँक केव्हा?

एस चार, ब्लँक दोन, बस. एस वापरून साधारण ८ ते १० गुण जास्त मिळत असतील तरच तो खर्च करा. ब्लँकसाठी २५ ते ३०. कुठल्याशा शब्दाचं अनेकवचन करून ४ गुण जास्त मिळवणं ही वहीत लिहिण्यासारखी चूक आहे, आणि माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत ती पानोपानी आहे.

अपवाद : हातात दोन एस असतील तर एक मोकळेपणाने वापरा. आणि बॅग रिकामी झाली की ही किंमत संपते, तेव्हा फक्त गुण आणि कोण आधी संपवतो एवढंच बघायचं.

१०. एकाच अक्षरांचे दोन-तीन शब्द होतात, गुणही तेच. मग कुठलाही लावला तर काय बिघडतं?

बरंच बिघडू शकतं. ‘रायता’, ‘टिआरा’ आणि ‘एट्रिआ’ या तिन्हींची अक्षरं तीच आहेत : ए, ए, आय, आर, टी. पहिल्या दोघांना मागे एस लागतो. तिसरा आधीच अनेकवचन आहे, त्याला एस लागत नाही, एल लागतो. तुमच्याकडे एस असेल तर रायता किंवा टिआरा लावा, पुढची जागा तुमची. एस समोरच्याकडे असेल अशी शंका असेल आणि तुम्ही पुढे असाल, तर एट्रिआ. सात अक्षरांतही असंच. ‘स्टेनर’ला एस लागतो, त्याच अक्षरांच्या ‘नॅस्टिअर’ला काही लागत नाही. पहिल्याच खेळीला हा शब्द निघाला तर दोन्हींचे ६६ पर्यंत गुण होतात. पण एकाने दार उघडं राहतं, दुसऱ्याने बंद.

या चुका क्वॅकलमध्ये दोन-तीन गुणांच्या दिसतात (६ पाहा), तरी मी त्या लिहिते. कारण त्या टाळायला काहीच खर्च पडत नाही.

११. टाइल्स बदलल्या तर पाळी फुकट जाते. त्यापेक्षा ८ गुण तरी घ्यावेत ना?

यू, यू, आय, आय, ओ, व्ही, डब्ल्यू असा हात आहे. त्यातून दोन अक्षरं लावून ८ गुण घेतले तर पुढच्या पाळीलाही तुम्ही याच चिखलात असता, आणि बहुतेक त्याच्या पुढच्याही. अशा वेळी बदला. नव्या खेळाडूंच्या वह्यांत मला ‘बदलायला हवं होतं’ ही चूक ‘उगाच बदललं’ पेक्षा खूप जास्त वेळा दिसते.

बॅगेत सात किंवा जास्त टाइल्स असतील तरच बदलता येतं, हे विसरू नका. बॅग आठ-नऊवर आली आणि क्यू हातात असेल, तर बदलायची ही शेवटची संधी असू शकते.

१२. चॅलेंज करावं की नाही, हे नंतर कसं तपासायचं?

नियम कोणता होता यावर अवलंबून आहे. कॉलिन्सच्या अनेक स्पर्धांत चुकीच्या चॅलेंजला ५ गुणांचा दंड असतो. समोरच्याची खेळी ३० गुणांची आहे. शब्द खोटा निघाला तर त्याचे ३० जातात, बरोबर निघाला तर तुमचे ५ जातात. सात वेळांपैकी एकदा जरी तो खोटा असेल, तरी चॅलेंज परवडतं. म्हणजे नुसती शंका पुरेशी आहे. अमेरिकेतल्या नियमात चुकीच्या चॅलेंजला तुमची पूर्ण पाळी जाते. तिथे निम्म्याहून जास्त खात्री हवी.

म्हणून वहीत ‘शब्द बरोबर निघाला, चॅलेंज चुकलं’ असं लिहू नका. त्या क्षणी किती टक्के शंका होती ते लिहा.

१३. मी लावलेला शब्द खोटा होता, पण समोरच्याने चॅलेंज केलं नाही. ही चूक की यश?

नियमाने तो शब्द बोर्डावर राहतो आणि गुणही. वहीत मात्र ती चूक म्हणूनच जाते. खोटं आहे हे माहीत असून लावायलाही नियमाची आडकाठी नाही आणि चांगले खेळाडू कधीकधी तसं करतात. मला ते आवडत नाही, मी करत नाही, पण करणाऱ्याला दोषही देत नाही. ५ गुणांच्या दंडात समोरचा सहज चॅलेंज करतो, त्यामुळे तिथे ते फारसं परवडतही नाही (१२ पाहा).

नकळत लावलेल्या खोट्या शब्दाचा धोका वेगळा असतो. तो टिकला की डोक्यात ‘खरा’ म्हणून बसतो आणि सहा महिन्यांनी मोठ्या स्पर्धेत परत येतो. त्याच संध्याकाळी सूचीत बघा.

१४. माझ्या सगळ्या चुका शेवटच्या पाच मिनिटांत होतात. खेळ चुकतो की वेळ?

वेळ. एका डावात तुमच्या वाट्याला साधारण १२ ते १५ खेळ्या येतात, म्हणजे खेळीला जेमतेम दोन मिनिटं. प्रत्येक ओळीत उरलेली मिनिटं लिहिली असतील (४ पाहा) तर चोर लगेच सापडतो. माझ्या बाबतीत दुसरी-तिसरी खेळी होती. सोप्या निवडीवर चार-चार मिनिटं घालवत होते. दोन खेळ्या जवळपास सारख्या वाटतात तेव्हा त्या खरंच सारख्या असतात. कुठलीही एक लावा आणि ती मिनिटं शेवटासाठी ठेवा.

१५. टाइल्स मोजणं इतकं गरजेचं आहे का? माझं लक्ष उडतं.

गरजेचं आहे. बॅग रिकामी होते तेव्हा मोजणाऱ्याला समोरची सातही अक्षरं माहीत असतात. तो उघड्या पत्त्यांनी खेळतो, न मोजणारा अंधारात. लक्ष उडत असेल तर स्वतःच्या पाळीत मोजू नका, समोरचा विचार करत असताना खोडा.

त्याआधीही मोजणीचा उपयोग आहे. न दिसलेल्या २० टाइल्समध्ये एक ब्लँक आहे आणि तुम्ही चार उचलणार आहात, तर तो यायची शक्यता २० पैकी ४. समोरच्याकडे किती टाइल्स आहेत याने हे बदलत नाही. बॅगेत किती टाइल्स सोडायच्या, हा शेवटचा सगळ्यांत अवघड निर्णय. त्याचं उदाहरण २ मध्ये आलं आहे.

१६. समोरच्याने एकच टाइल लावून ५ गुण घेतले. क्वॅकल म्हणतं मी गुण घ्यायला हवे होते, मी जागा बंद केली. कोण बरोबर?

बहुधा तुम्ही. सिम्युलेशन समोरच्याला कुठलीही सात अक्षरं देतं. पण एक टाइल लावून ५ गुण घेणारा माणूस उरलेली सहा जपतोय, हे तुम्ही टेबलावर पाहिलंत. ती माहिती यंत्राकडे नव्हती. क्वॅकलमध्ये समोरच्याच्या रॅकवरची काही अक्षरं तुम्हाला भरता येतात. ए, ई, आय, एन, एस असं काहीतरी भरा आणि परत चालवा. आकडे उलटताना मी बघितले आहेत.

याचा आधार घेऊन प्रत्येक वेळी ‘मला आतून जाणवलं होतं’ असं मात्र म्हणू नका. जाणीव डावाच्या कागदावर लिहिलेली असेल तरच धरा.

१७. १०० गुणांनी मागे असतानाही ‘योग्य’ खेळीच करायची का?

योग्य म्हणजे जिंकायची शक्यता वाढवणारी. १०० नी मागे असताना बोर्ड उघडणारी, सरासरीत ५-६ गुण घालवणारी खेळीच योग्य असू शकते. आघाडीवर याच्या उलट. २०१५ मध्ये पर्थला नायजेरियाचे वेलिंग्टन जिगेरे विश्वविजेते झाले. मोठ्या शब्दांच्या मागे न लागता छोटे शब्द लावून बोर्ड आवळायची नायजेरियन खेळाडूंची पद्धत तेव्हा जगभर चर्चेत आली.

अडचण शेवटच्या फेऱ्यांत येते. डाव गेलाच आहे, पण स्प्रेडवर बक्षीस अवलंबून आहे. अशा वेळी जिंकायची बारीकशी आशा सोडून हार लहान करणं बरोबर असतं. स्पर्धेचा तक्ता बघून ठरवा आणि वहीत तसं लिहा, नाहीतर महिन्याभराने ती खेळी वेड्यासारखी वाटेल.

१८. चूक लक्षात आली की उरलेला डाव जातो. मन कसं आवरायचं?

मी कागदावर त्या ओळीपुढे एक फुली मारते. ‘हे संध्याकाळी बघू’ एवढाच तिचा अर्थ. फुली मारली की मन तो विषय सोडतं, कारण विसरायची भीती उरत नाही. मग गुणांची बेरीज परत करते. त्यात अर्धं मिनिट जातं, आणि बेरजेतली चूकही कधीकधी सापडते.

१९. डाव संपताच समोरचा माझ्या चुका दाखवू लागतो. राग येतो. ऐकावं का?

त्याने टाइल्स गोळा करायच्या आत ‘तुमच्याकडे शेवटी काय होतं?’ एवढं विचारून घ्या, ती माहिती परत मिळत नाही. बाकीचं ऐकायची तयारी नसेल तर ‘जेवताना बोलूया’ म्हणा. सगळे समजून घेतात. मात्र तुम्ही जिंकला असाल तर विचारल्याशिवाय समोरच्याची चूक दाखवू नका.

२०. मी मराठी माध्यमातली. इंग्रजी चांगलं असणाऱ्यांपुढे माझ्या चुका जास्त होणारच ना?

हा प्रश्न पाठवणाऱ्या मुली-मुलांना मला मनापासून सांगायचं आहे : नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स पाच वेळा इंग्रजीचे विश्वविजेते झाले. फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ मध्ये ते फ्रेंच स्क्रॅबलचे विजेते झाले आणि २०२४ मध्ये स्पॅनिशचेही. थायलंडचे पानुपोल सुज्जयाकोर्न २००३ मध्ये आणि पाकोर्न नेमित्रमान्सुक २००९ मध्ये इंग्रजीतले विश्वविजेते झाले, त्यांचीही मातृभाषा इंग्रजी नाही.

या खेळात शब्द वाक्यात वापरायचा नसतो, त्याचा अर्थही सांगायचा नसतो. उलट इंग्रजीत वाढलेल्यांना ‘हा शब्द ऐकल्यासारखा वाटतो’ ही सवय नडते, आणि ते खोटे शब्द लावतात. तुम्ही यादीतून शिकलात तर तुमच्याकडे शब्द दोनच प्रकारचे असतात, पाठ असलेले आणि नसलेले. माझी अगदी पहिली वही मी मराठीतच लिहिली होती, ‘क्यू नंतर यू नसलेले’ असं शीर्षक देऊन, खाली क्यू-आय, क्यू-ए-टी, एफ-ए-क्यू-आय-आर, टी-ए-एल-ए-क्यू. शेवटचे दोन बघून आजी म्हणाली होती, हे तर आपलेच फकीर आणि तलाक. ती दोन स्पेलिंगं मी आजवर कधी चुकलेले नाही.

२१. जुन्या वह्यांचं काय करायचं?

स्पर्धेच्या आदल्या रात्री नवी यादी घेऊ नका, मागच्या दोन स्पर्धांची फुल्या मारलेली पानं काढा. बहुतेकांच्या चुका तीन-चार प्रकारच्याच असतात आणि त्या परत परत येतात. माझ्यात घाईने वापरलेला एस, न बदललेला वाईट हात आणि शेवटची बॅग, ही तीन. उद्याच्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मी तीन अक्षरं लिहून ठेवते : ए, ब, बॅ.